अखंड विद्यार्थी : महर्षी धोंडो केशव कर्वे



स्मरणिकेच्या पानांतून एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र आपल्या कुटुंबांपुढे ठेवावे, ही अशा अंकांची जुनी रीत आहे. यंदा भारतरत्न महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चरित्र निवडले, यास एक कारण आहे. आपल्या मढ गावात चाळिशी ओलांडलेल्या कोणाही स्त्री-पुरुषापुढे शिक्षणाचा विषय काढला, की आता या वयात काय शिकायचे, पोरांनी शिकले म्हणजे झाले, असे उत्तर ठरलेले असते. उत्तर देणाऱ्याचा आवाज खेदाचा नसतो. वय हे जणू सरकारी शिक्क्याचे प्रमाणपत्र आहे, अशा थाटात ते दिले जाते. परंतु हेच लोक समुद्राच्या बाबतीत असे म्हणत नाहीत. शिडाच्या होड्या जाऊन इंजिने आली, तेव्हा नातवंडे झालेल्या तांडेलांनी इंजिनाचा कान पिळावयास शिकून घेतले. पुढे जीपीएस यंत्रे आली, तीही पन्नाशीच्या हातांनी आत्मसात केली. डोल कोठे लावावी हे पाण्याकडे पाहून सांगणारा म्हातारा रोज सकाळी पाण्याकडे नव्यानेच पाहतो. मग अक्षर, हिशेबाची वही, अर्ज, कायदा, भाषण यांच्याच वेळी वय आडवे का यावे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, असे गृहस्थ महाराष्ट्रात होऊन गेले. आणि ते १०४ वर्षे जगले, त्यामुळे उत्तर तपासून पाहण्यास भरपूर अवधी मिळाला.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे मूळ गाव दापोलीजवळचे मुरुड, आपल्यासारखेच समुद्रकाठचे. घरची स्थिती बेताची. मुलगा अंगाने किरकोळ, स्वभावाने कमालीचा लाजाळू. चारचौघांत उभे राहून बोलणे म्हणजे त्यास संकट वाटे. गावच्या शाळेतील सोमण गुरुजींनी या मुलास गावकऱ्यांपुढे वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम लावले. भाषण न करता येणाऱ्या मुलास निदान दुसऱ्याचे शब्द मोठ्याने वाचता येतील, एवढाच गुरुजींचा हिशेब असावा. परंतु गावाबाहेरही जग आहे आणि गावासाठी काही करावयाचे असते, ही जाणीव त्या वाचनातूनच आली, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून म्हणता येते.

मराठी सहावीची सरकारी परीक्षा ही त्या काळी गरीब मुलांना नोकरीचे दार उघडणारी परीक्षा होती. १८७५ साली पावसाळ्याच्या दिवसांत धोंडोपंत काही सोबत्यांबरोबर त्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास निघाले. त्या दिवसांत कोकण किनाऱ्याची जलवाहतूक किती बेभरवशाची असते, हे आपणांस कोणी सांगावयास नको. मुले पायी चालली. कुंभार्ली घाट चढून, पावसात भिजत, शंभरावर मैलांची वाट त्यांनी काही दिवसांत तुडविली. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी या किरकोळ मुलाकडे पाहिले, आणि याचे वय १७ वर्षांचे दिसत नाही, असे ठरवून त्यास परीक्षेस बसू दिले नाही. वय पुरते होते, पण चेहरा साक्ष देईना.

या प्रसंगाची मला नेहमी गंमत वाटते. ज्या माणसाला आयुष्यात पुढे प्रत्येक वळणावर लोकांनी वय झाले म्हणून थांबावयास सांगितले असते, त्याला पहिल्याच वळणावर वय कमी म्हणून परत पाठविण्यात आले. अर्थात त्या दिवशी त्या मुलास गंमत वाटली नसणार. शंभर मैल परत चालावयाचे होते. पुढल्या वर्षी त्यांनी कोल्हापूर केंद्रातून तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

येथवर आल्यावर बहुतेक मुले शिक्षकाची नोकरी धरीत. धोंडोपंतांनी इंग्रजी शिकावयास आरंभ केला. म्हणजे मिसरूड फुटल्यावर लहान मुलांची पुस्तके हाती धरली. रत्नागिरीस काही काळ काढून ते १८७८ च्या सुमारास मुंबईस आले, रॉबर्ट मनी शाळेत दाखल झाले आणि १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. त्या वेळी त्यांचे लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती. शिकवण्या करून पोट भरीत त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित घेऊन बी.ए. ची पदवी मिळविली. त्यांच्यात अलौकिक बुद्धिमत्ता नव्हती, हे त्यांनी कधी लपविले नाही. हळू चालणारा, पण न थांबणारा, अशीच त्यांची गती होती. मुंबईत कमाई सुरू झाल्यावर मिळकतीचा एक ठराविक अंश लोककार्यासाठी बाजूला काढण्याचा नेमही त्यांनी याच काळात धरला. मुरुडच्या हितासाठी गावकऱ्यांचा निधी उभारण्यात पुढाकार घेतला.

१८९१ साली दोन घटना घडल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास गेले. आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. राधाबाईंचे चिरंजीव रघुनाथ हेच पुढे संततिनियमनाच्या प्रचारामुळे महाराष्ट्रास परिचित झाले. विधुर झालेल्या प्राध्यापकास कुमारिका वधू मिळण्यास त्या काळी अडचण नव्हती. वधू दहा-बारा वर्षांची असे, एवढेच. कर्वे यांनी निश्चय केला की लग्न करीन तर विधवेशीच.

येथे गोदूबाईंची ओळख करून दिली पाहिजे, कारण या लेखाचा विषय त्यांच्यावाचून अपुरा राहील. देवरुखच्या जोशी घराण्यातील ही मुलगी आठव्या वर्षी विधवा झाली. लग्न होऊन काही महिनेच झाले होते. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वी वैधव्य आले. विशी उलटेपर्यंत शिक्षण नाही. त्यांचे बंधू नरहरपंत हे मुंबईत कर्वे यांचे स्नेही व एकत्र बिऱ्हाड करणारे. त्या बिऱ्हाडी गोदूबाई आल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाईच होत्या. ज्या वयात त्यांच्या बरोबरीच्या बायकांच्या कडेवर तिसरे मूल असे, त्या वयात त्या पाटी घेऊन बसल्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास त्यांचा कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. आनंदीबाई हे नवे नाव मिळाले, पण महाराष्ट्राने त्यांस बाया कर्वे म्हणूनच ओळखले. लग्नानंतरही त्या शिकावयाच्या थांबल्या नाहीत. सुईणीचे शिक्षण घेण्यासाठी घर सोडून नागपूरला गेल्या.

या विवाहाची किंमत मुरुडने वसूल केली. नवे जोडपे गावी गेले, तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्कार पुकारला. कर्वे यांच्याबरोबर कोणी बैठकीस बसू नये, आणि भावाने त्यांस घरात ठेवल्यास त्याचाही व्यवहार बंद करावा, असे ठरले. ज्या गावाच्या हितासाठी कर्वे मुंबईत वर्गणी गोळा करीत होते, त्याच गावाने त्यांस आईच्या पंक्तीला बसू दिले नाही. एका जातीच्या संघाच्या स्मरणिकेत हा प्रसंग लिहिताना लेखणी थोडी अडखळते, हे कबूल केले पाहिजे. जातीच्या सभेला माणसे जोडण्याचे बळ असते तसे तोडण्याचेही असते. आपल्याकडेही वाळीत टाकण्याच्या गोष्टी वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असतील. कर्वे यांनी गावाशी भांडण मांडले नाही आणि गावासाठी चाललेले कामही टाकले नाही. पुष्कळांस हा त्यांचा भित्रेपणा वाटला. मला तसे वाटत नाही. रागावर खर्च होणारी शक्ती त्यांनी कामासाठी राखून ठेवली.

१८९६ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. स्वतःच्या विम्याची ५,००० रुपयांची पॉलिसी आश्रमास दिली. पुण्यात प्लेग आला, तेव्हा शहराबाहेर हिंगणे येथे मिळालेल्या जागेवर १९०० साली एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम तेथे गेला. कर्वे दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि संध्याकाळी काही मैल चालत हिंगण्यास जात. वाटेत धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल, रात्री काळोख. आश्रमास लागणारे जिन्नसही पुष्कळदा त्यांच्याच हातात असत. मुलींना शिकवून पहाटे परत कॉलेजात. हा क्रम दोन-चार दिवस नव्हे, वर्षानुवर्षे चालला.

हिंगण्याच्या झोपडीत ज्या स्त्रिया शिकल्या, त्यांतील बायांच्या धाकट्या बहिणीची, पार्वतीबाई आठवले यांची, हकिकत आपल्या भगिनींनी अवश्य ऐकावी. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. त्यानंतर त्यांनी शिक्षण सुरू केले, आश्रमाच्या व्यवस्थेचे काम अंगावर घेतले, आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. इंग्रजी येत नाही ही त्यांच्या मनास टोचणी होती. येथे राहून ते जमेना, म्हणून १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी स्वयंपाकघरात राबून त्यांनी पोट भरले, भाषा शिकली आणि आश्रमासाठी निधीही आणला. पहाटे ससून डॉकला जाऊन माल घेणारी आणि दिवसभर बाजारात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारी आपली कोळीण भांड्यास हात लावण्यास लाजत नाही, पण पाटीस हात लावण्यास लाजते. पार्वतीबाईंनी पाटीसाठी भांडी घासली.

कर्वे १९१४ साली फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय ५६. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर देवदर्शन, नातवंडे आणि सकाळचा फेरफटका यांत उरलेले आयुष्य घालवता, आणि त्यास कोणी नावे ठेवली नसती. त्यांच्या हाती मात्र टपालाने एक पुस्तिका आली. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती तीत होती. ती वाचून त्यांच्या मनाने नवा विषय घेतला. १९१५ च्या अखेरीस मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथे त्यांनी स्त्रियांसाठी वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली ते सुरूही केले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय. आरंभीच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुष्कळ विद्वानांना हे हास्यास्पद वाटले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातुःश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. त्याच विद्यापीठाचा एक परिसर आज जुहूला आहे. मढच्या धक्क्यावरून तरीने वर्सोव्याला उतरणाऱ्या मुलीला तो काही फार दूर नाही.

१९२९ साली एकाहत्तर वर्षांचे अण्णासाहेब आगबोटीत बसून युरोपकडे निघाले. स्त्रीशिक्षणाच्या या कार्याची माहिती जगाला द्यावी आणि जगात काय चालले आहे ते पाहून यावे, असा दुहेरी हेतू. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदांस ते हजर राहिले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली. तेथून अमेरिका आणि जपान. ज्या जपानी विद्यापीठाची पुस्तिका वाचून काम सुरू केले, ते प्रत्यक्ष पाहिले. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुरुडच्या गावकऱ्यांपुढे तोंड उघडण्यास घाबरणारा मुलगा हाच. परभाषेत, परमुलखात, परक्या लोकांपुढे तो आता व्याख्याने देत होता. ते उत्तम वक्ते झाले होते, असे मात्र कोणी समजू नये. वक्तृत्व त्यांस अखेरपर्यंत साधले नाही. सांगावयाचे ते सरळ सांगावे आणि बसावे, एवढे त्यांनी साधले, आणि त्यावर काम भागले. परत आल्यावर फार न थांबता १९३० च्या अखेरीस ते आफ्रिकेस गेले आणि तेथील भारतीयांत हिंडून, निधी जमवून १९३२ साली परतले.

या चरित्रातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग याच्याही पुढचा आहे. तो कमी सांगितला जातो, म्हणून थोडे थांबून लिहितो.

अण्णासाहेबांच्या आश्रमात आरंभी प्रामुख्याने ब्राह्मण वा तत्सम वरिष्ठ गणल्या जाणाऱ्या जातींच्याच मुली असत. लोकांचा विरोध आणखी ओढवू नये म्हणून त्यांनी तशी मर्यादा पाळली. त्या झोपडीत कोळ्याच्या विधवा मुलीस त्या काळी जागा मिळाली असती का, हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि तो मनात दाबून ठेवून चरित्र लिहिणे खरे होणार नाही. कर्वे यांच्यावर त्या काळीही यासाठी टीका झाली. थोर माणसाच्या आयुष्यातील उणी बाजू झाकून ठेवली, तर त्याने पुढे केलेली वाढही झाकली जाते.

ती वाढ अशी. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही, तेथे प्राथमिक शाळा चालवावी, हा उद्देश. विद्यापीठ उभारून झालेला माणूस म्हातारपणी पहिलीच्या वर्गाकडे वळला, आणि या वेळी पुण्याच्या पेठांतील मुलींसाठी नव्हे, तर आडवाटेच्या गावांतील कोणाच्याही मुलांसाठी. स्वतःच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून वाटा काढला, आणि बाकीच्यासाठी पावतीपुस्तक घेऊन पुण्याच्या रस्त्यांवरून घरोघर फिरू लागले. मोठ्या देणगीसाठी श्रीमंतांच्या वाड्यावर तिष्ठण्यापेक्षा किरकोळ वर्गण्या जमविणे त्यांस अधिक मानवत असावे. जिने चढावे, कडी वाजवावी, मिळेल ते घ्यावे, पावती द्यावी, पुढले घर. ज्यांनी आपल्या संघाची वर्गणी कधी गोळा केली आहे, त्यांस हे काम किती कंटाळवाणे आणि किती अपमानाचे असू शकते ते ठाऊक आहे. तरुण कार्यकर्तेही एका आठवड्यात निमित्ते शोधू लागतात. ऐंशीच्या घरातील म्हाताऱ्याने ते नेटाने केले.

आणि १९४४ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी समता संघाची स्थापना केली. माणसामाणसांतील उच्चनीच भाव नाहीसा व्हावा, हा त्याचा हेतू. तारुण्यात जी मर्यादा ओलांडता आली नाही, ती ओलांडण्यासाठी त्यांनी म्हातारपणी संस्था काढली. पैसा, पदवी, परदेशप्रवास या गोष्टी माणूस उशिरा मिळवू शकतो, हे आपण पाहतो. परंतु वयाबरोबर मन कडक होत जाते, जुन्या मतांची सवय हाडात शिरते, आणि साठी ओलांडलेला माणूस मत बदलणे म्हणजे हार मानणे समजतो. अण्णासाहेबांचे मन उलट दिशेने गेले. अडतिसाव्या वर्षापेक्षा शहाऐंशीव्या वर्षी ते अधिक मोकळे होते.

हे त्यांस कसे साधले, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्साह म्हणावा तर त्यांच्या स्वभावात उसळी नव्हती. महत्त्वाकांक्षा म्हणावी तर मानपानाची हौस नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणे ते शिकण्यासाठी म्हणून कधी शिकलेच नाहीत. हाती घेतलेल्या कामाला जे कमी पडले, ते त्यांनी मिळविले. आश्रमाला पैसा हवा होता म्हणून भिडस्त माणूस मागावयास शिकला. विद्यापीठाची ओळख करून द्यावयाची होती म्हणून अबोल माणूस बोलावयास शिकला. काम संपेना, म्हणून शिकणेही संपेना. आपला तांडेल जीपीएस शिकला तो प्रमाणपत्रासाठी नव्हे. काळोखात डोल सापडली पाहिजे म्हणून. माझ्या माहितीतील एका मावशींनी साठीच्या आसपास अक्षरे गिरविली, ती बँकेच्या कागदावर अंगठा मागितला गेला त्या दिवसाच्या रागाने. पहिले तीन महिने त्या रोज सोडून देण्याच्या गोष्टी करीत; चौथ्या महिन्यात त्यांनी आपल्या उधारीच्या वहीत पहिले नाव स्वतः लिहिले आणि त्यानंतर सोडून देण्याचा विषय निघाला नाही. गिऱ्हाइकाचे नाव चुकीचे लिहिले होते, पण रक्कम बरोबर होती.

अण्णासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत मान पुष्कळ आले. १९५० साली बाया गेल्या. त्यांच्या आठवणींचे पुस्तक महाराष्ट्रापुढे राहिले. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभरी पुरी झाली त्या वर्षी, भारतरत्न हा किताब त्यांस मिळाला. भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले, तेव्हा ते स्वतः हयात होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

या सर्व मानांत एकाची नोंद मला विशेष करावीशी वाटते. ज्या मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा ते तेविसाव्या वर्षी कशीबशी पार पडले होते, त्याच विद्यापीठाने १९५७ साली त्यांस एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. त्या वेळी त्यांच्या वयाला नव्याण्णववे वर्ष लागून गेले होते, आणि या खेपेस ते लहान दिसतात अशी हरकत कोणी घेतली नाही.